ज्याचा खर्च नाही, त्याचा आजारही नाही

मोठ्या रुग्णालयांतून आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून वर्षातला एखादा दिवस संशोधनासाठी राखून ठेवतात. डॉक्टर आपापले निबंध वाचतात, व्हरांड्यात तक्ते लावतात, प्रश्नोत्तरे होतात. अलीकडे अशा दिवसाचा विषय बहुधा ठरलेला असतो : वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्ता. अशा एका संशोधन दिनाला मी श्रोता म्हणून बसलो होतो. मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे रोगांची नावे नाही, पण तक्त्यांवरचे आकडे मला वाचता येत होते. यंत्राची अचूकता ९१ टक्के, ९४ टक्के, असे ते आकडे होते. ही टक्केवारी कोणत्या माणसांवर मोजली, हे मात्र फार थोड्या तक्त्यांवर लिहिलेले होते. 'अचूक' हा शब्द ऐकला की आपण मान डोलावतो, 'कोणासाठी अचूक?' असे विचारत नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

प्रथम हे यंत्र शिकते म्हणजे काय, ते पाहू. ते डॉक्टरसारखे शरीररचनेपासून सुरुवात करीत नाही. जुन्या रुग्णांच्या हजारो, कधी लाखो नोंदी त्याच्यापुढे ठेवलेल्या असतात. प्रत्येक नोंदीच्या शेवटी उत्तर लिहिलेले असते : याला क्षय होता, याला नव्हता, ही वाचली, ती गेली. नोंद आणि उत्तर यांची सांगड कशी आहे ते यंत्र आकडेमोडीने शोधून काढते, आणि नवा रुग्ण समोर आला की जुन्या सांगडीवरून त्याचे उत्तर सांगते. म्हणजे यंत्राचे सगळे ज्ञान जुन्या कागदांचे. तो कागद कोणी लिहिला, कोणाबद्दल लिहिला, आणि 'उत्तर' म्हणून त्यावर नेमके काय मांडले, या तीन गोष्टींच्या पलीकडे त्याला काही कळत नाही.

या यंत्रांचा उपयोग नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय सांगणाऱ्या यंत्रांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या तपासणीसाठी मान्यता दिली. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा डॉक्टरावाचून ओळखणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली परवानगी दिली. जिथे एक्स-रेचे मशीन आहे पण फोटो वाचणारा तज्ज्ञ नाही, तिथल्या माणसाला याची किंमत कळेल. यंत्र नको म्हणणे हा ज्यांच्या दाराशी डॉक्टर आहे त्यांचा चैनीचा विचार झाला. प्रश्न यंत्राचा नाही, त्याला शिकवलेल्या उत्तराचा आहे. तो समजावून घ्यायला अमेरिकेतले एक प्रकरण फार उपयोगी आहे.

अमेरिकेतील रुग्णालये आणि विमा कंपन्या काही रुग्णांना जादा देखरेखीखाली घेतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असे अनेक आजार एकाच देहात असलेल्या माणसाला स्वतंत्र परिचारिका, लवकर भेटीची वेळ, फोनवरून चौकशी अशी मदत मिळते. ही मदत सर्वांना देणे परवडत नाही. मग कोणाला द्यायची? ते एक संगणकीय सूत्र ठरवते. सूत्र प्रत्येक रुग्णाला गुण देते आणि गुणांप्रमाणे सर्वांना क्रमाने उभे करते. एका मोठ्या शैक्षणिक रुग्णालयात रीत अशी होती की शंभरातले वरचे तीन आपोआप निवडले जात, आणि पंचावन्नाव्या पायरीच्या वरच्यांची नावे विचारासाठी त्यांच्या डॉक्टरकडे जात. या प्रकारची सूत्रे अमेरिकेत वर्षाला सुमारे २० कोटी माणसांना लावली जातात, असा त्या धंद्यातल्यांचाच अंदाज होता.

झियाद ओबरमायर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या रुग्णालयातील २०१३ ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या. ४३,५३९ गोरे रुग्ण, ६,०७९ काळे रुग्ण. 'सायन्स' या नियतकालिकात ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. सूत्राने सारखेच गुण दिलेले काळे आणि गोरे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा काळे रुग्ण अधिक आजारी निघाले. आपोआप निवड होण्याच्या उंबरठ्यावर गोऱ्या रुग्णाला सरासरी ३.८ जुनाट आजार होते, काळ्याला ४.८. म्हणजे त्याच दारातून आत यायला काळ्याला एक आजार जास्त घेऊन यावे लागत होते. सूत्र न्यायाने चालले असते तर आपोआप निवडलेल्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते.

आता यातली मेख पाहा. सूत्राला वंश सांगितलेलाच नव्हता. तो रकाना मुद्दाम वगळलेला होता. कोणी वर्णद्वेष्ट्याने बसून ते रचले, असेही दिसत नाही. मग झाले काय? 'कोण जास्त आजारी आहे?' हे सूत्राला विचारलेच गेले नव्हते. 'पुढच्या वर्षी कोणावर जास्त खर्च होईल?' हे विचारले होते. खर्चाचा आकडा बिलात तयार सापडतो, आजाराचा आकडा तसा सापडत नाही. म्हणून आजाराच्या जागी खर्च बसवला. जो जास्त आजारी त्याच्यावर जास्त खर्च, हे वरवर कोणालाही पटेल. आणि खर्चाचे भाकीत सूत्राने खरोखर बरोबर केले होते! काळा असो की गोरा, खर्चाच्या बाबतीत ते जवळजवळ चुकत नव्हते. पण तेवढेच आजार असलेल्या काळ्या माणसावर गोऱ्यापेक्षा वर्षाला सरासरी १,८०१ डॉलर कमी खर्च होत होता. कारण दवाखाना लांब, जायला गाडी नाही, कामावरून रजा नाही, पोरे कोणाकडे ठेवायची ही पंचाईत; आणि दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर नीट ऐकून घेईलच याचा भरवसा नाही. सूत्राने हा कमी खर्च वाचला आणि त्याचा अर्थ लावला : या माणसाची प्रकृती बरी आहे.

आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे. आपण म्हणतो, दुखणे अंगावर काढले. माझ्या आईने जन्मभर हेच केले, आणि वाचकांपैकी बहुतेकांच्या आयांनी केले असेल. दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एस. टी. चे भाडे पडते, औषधाचे वेगळे. ताप उतरला नाही तरी माणूस कामाला जातो. अंगावर काढलेल्या दुखण्याचे बिल होत नाही, केसपेपर निघत नाही, संगणकात आकडा पडत नाही. बँकेच्या वहीत ज्याची ठेव नाही तो गरीब, हे समजते. पण दवाखान्याच्या वहीत ज्याचा खर्च नाही तो निरोगी, हे उफराटे गणित यंत्राने केले, आणि ते गणित बिनचूक होते हे त्यातले भयंकर.

या गणितात श्रेणीबद्धतेचे तत्त्वही आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, कारण तीत माणूस नुसता वर किंवा खाली नसतो. पायरी-पायरीने उभा असतो, आणि त्याच्या वाट्याला काय यायचे ते पायरीवर ठरते. सूत्रही माणसांना शंभर पायऱ्यांवर उभे करते. त्याला जातीची जाण असण्याची गरज पडत नाही. जुनी पायरी वहीत उतरलेली असते. तीच ते नव्या कागदावर, दशांश चिन्ह लावून, पुन्हा लिहिते.

'जात विचारूच नका म्हणजे भेद होणार नाही' असे म्हणणारे आपल्याकडे सुशिक्षितांत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आणखी दोन दाखले देतो. न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्राचा एक अभ्यास अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका रुग्णालयाच्या एक्स-रेंपैकी सुमारे ३४ टक्के न्यूमोनियाचे होते, दुसऱ्या दोन ठिकाणच्यांपैकी जेमतेम एक टक्का. यंत्राने फोटोवरून तो कोणत्या रुग्णालयाचा हे जवळजवळ अचूक ओळखायला शिकून घेतले. फोटो 'त्या' रुग्णालयाचा ना, मग रोग असणारच, असा हा शॉर्टकट. शिकल्या जागी गुण उत्तम, आणि परक्या रुग्णालयात नेल्यावर पाच तुलनांपैकी तीनांत घसरण. माणूस कोणत्या वस्तीतला हे कळले की त्याच्याबद्दल बाकी सगळे कळले असे समजणारी माणसे आपण पाहिली आहेत. यंत्रही त्यांच्याच शाळेत शिकले म्हणायचे. दुसरा दाखला २०२२ चा. नुसत्या एक्स-रेवरून यंत्राला रुग्णाचा वंश ओळखता येतो असे आढळले. फोटो धूसर करून पाहिला तरी ते ओळखत होते. कशावरून ओळखते हे संशोधकांना उलगडले नाही, आणि अनुभवी डॉक्टरांना त्या फोटोत वंश दिसत नव्हता. रकाना झाकला म्हणून यंत्राचे डोळे झाकले जात नाहीत.

वरच्या खर्चाच्या अभ्यासातले एक संशोधक सेंधिल मुल्लैनाथन हे भारतात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी आणि मारियान बर्ट्रांड यांनी २००४ साली दाखवून दिले होते की सारख्याच पात्रतेच्या अर्जावर गोरे वाटणारे नाव असले तर नोकरीचे बोलावणे पन्नास टक्के अधिक वेळा येते. त्याच धर्तीवर सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतात दलित आणि सवर्ण आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली छापलेला तो निष्कर्ष आपल्यापैकी कोणाला नवल वाटावे असा नव्हता. माणसाने केलेला भेद असा अर्ज पाठवून उघडा पाडता येतो. सूत्राचा भेद उघडा पाडायला सूत्रच तपासायला मिळावे लागते, आणि ती सूत्रे बहुधा कंपन्यांच्या कुलपात असतात.

काळ्यांचे प्रकरण आपल्या पानांवर परके नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर 'संशोधन' केले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिन हा त्यावरचा सर्वमान्य उपाय ठरल्यावरही त्यांना ते दिले नाही. रोग पुढे कसा जातो ते पाहायचे होते. १९७२ च्या जुलैत ते उघडकीस आले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने जिचे नाव घेतले त्या ब्लॅक पँथर पक्षाने तोवर अमेरिकेत मोफत दवाखाने काढले होते आणि सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी वस्त्यांत सुरू केली होती. ज्यांच्याकडे सरकारी वैद्यक पाहत नव्हते त्यांनी आपला आजार स्वतः मोजायला घेतला. (विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी घरांना सिकल सेलचे नाव सांगावे लागत नाही.) पँथरची आक्रमक भाषा आपण उचलली, हा मोजणीचा भाग आपल्याकडे तितकासा चर्चिला गेला नाही, असे मला वाटते.

मोजणीचा मुद्दा आपल्याला नवा आहे असे मात्र नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांच्या संख्येचा प्रश्न आला, तेव्हा आमच्या प्रांतात अस्पृश्य फारसे नाहीतच, असे स्पृश्य हिंदू सांगू लागले. संख्येवर मताधिकार आणि प्रतिनिधित्व ठरणार होते ना! बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. संख्या कमी दाखवण्याचा हा डाव त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. जे मोजले गेले नाही त्याला हक्क सांगता येत नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आता आपल्याकडच्या रुग्णालयाच्या संगणकात डोकावून पाहा. अमेरिकेतील तो अन्याय सापडला कसा? सूत्राने वंश वापरला नव्हता, पण रुग्णालयाने रुग्णाला विचारून तो नोंदलेला होता. त्यामुळे संशोधकांना दोन गट शेजारी ठेवता आले. आपल्याकडे उपचाराच्या नोंदींवर यंत्रे शिकवली जातात, त्यांत जात सहसा नसते. मग उद्या येथे तसेच सूत्र चालू झाले आणि त्याने दलित बाईला निरोगी ठरवले, तर ते सिद्ध कशाने करणार? जात विचारली जाते तिथे काय दिसते, तेही पाहण्यासारखे आहे. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०१०-११ च्या एका मोठ्या सरकारी पाहणीतील सुमारे दोन कोटी माणसांच्या माहितीवरून नऊ राज्यांचा अभ्यास केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे अपेक्षित आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. गरिबीचा हिशेब वजा केला तरी निम्म्याहून अधिक फरक शिल्लकच राहिला. पाहणीत सामाजिक गट विचारला होता म्हणून हे कळले.

जात नोंदवण्यात धोका आहे हे मला मान्य आहे. केसपेपरवर जात छापली तर ती डॉक्टरपासून सफाई कामगारापर्यंत सर्वांच्या नजरेखालून जाईल, आणि हात लावण्यापूर्वी कागद पाहिला जाईल. ते होता कामा नये. परंतु उपचाराचा कागद निराळा आणि तपासणीची नोंद निराळी ठेवता येते. रुग्णाने स्वेच्छेने दिलेली माहिती उपचार करणाऱ्याला दिसू नये, यंत्रालाही शिकवू नये. यंत्राचा निकाल लागल्यावर तो कोणत्या समाजाच्या बाबतीत किती चुकला, एवढेच तपासायला वापरावी. येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. घराघरांत जात मोजता येते, तर यंत्राच्या चुका जातवार का मोजू नयेत?

आपल्याकडे 'खर्च' हे उत्तर म्हणून मांडण्याचा मोह अमेरिकेपेक्षा कमी नाही. सरकारी विमा योजनांच्या दाव्यांत खर्चाचे आकडे आयते सापडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च भरतात. रोजच्या गोळ्या, दर महिन्याची तपासणी, त्यासाठीचे एस. टी. भाडे त्यांत येत नाही. या दाव्यांवर शिकलेल्या यंत्राला दाखल झालेला रुग्ण दिसेल. दाखल होण्याआधीच गेलेला दिसणार नाही.

उलट दिशेनेही वही खोटे बोलते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. तोडणीच्या कामात पाळीचा दिवस परवडत नाही; खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. येथे खर्च भरपूर झाला, केसपेपरही निघाले. या कागदांवर शिकलेले यंत्र काय शिकेल? तिशीतली ऊसतोड बाई पोटदुखी घेऊन आली की उपाय शस्त्रक्रिया, असे शिकेल. वहीत तसे लिहिले आहे, आणि यंत्र वहीच्या बाहेर जात नाही.

सिलिकोसिसची गोष्ट याहून अवघड. दगडखाणीत, खडी फोडण्यात, काचेसाठीच्या गारगोटीच्या पुडीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात धूळ बसते. एक्स-रेत तो डाग क्षयासारखा दिसू शकतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त. कितीतरी मजुरांच्या कागदावर वर्षानुवर्षे 'क्षय' लिहिले गेले आणि त्यांनी क्षयाची औषधे खाल्ली. दोन शब्दांत फरक एवढाच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य रोग ठरवला आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याला जागा मिळाली. क्षय म्हटला की तो मजुराचा, त्याच्या घराचा, त्याच्या विडीचा. सिलिकोसिस म्हटला की तो मालकाचा. आता 'क्षय' असे उत्तर लिहिलेल्या हजारो एक्स-रेंवर यंत्र शिकवले आणि त्यांत चुकून क्षय ठरवलेले मजूर असले, तर ते डॉक्टरची जुनी चूक दर मिनिटाला एक या वेगाने करील. आणि तक्त्यावर अचूकता ९४ टक्केच राहील, कारण अचूकता त्याच उत्तरांशी ताडून पाहिलेली असेल.

अमेरिकेतल्या त्या प्रकरणाचा शेवट सांगायचा राहिला. संशोधकांनी सूत्र बनवणाऱ्या कंपनीला निष्कर्ष दाखवले. दोघांनी मिळून फक्त उत्तराचा रकाना बदलून पाहिला : नुसत्या खर्चाऐवजी खर्च आणि प्रकृती यांचे एकत्र भाकीत. यंत्र तेच, नोंदी त्याच. पक्षपात ८४ टक्क्यांनी घटला. म्हणजे हा दोष यंत्राच्या स्वभावात नव्हता. प्रश्न कोणी ठरवला, यात होता.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली या विषयावर नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. दहा तत्त्वे आहेत. भेदभाव नसावा हे त्यांत एक, सर्वांचा समावेश असावा हे आणखी एक. तत्त्वे चांगली आहेत. आपल्या मुलामुलींपैकी जे आज वैद्यकीय महाविद्यालयात आहेत त्यांनी ती वाचावीत आणि संशोधन दिनाला तक्त्यासमोर उभे राहून विचारावे : नोंदी कोणत्या दवाखान्यातल्या? 'आजार' म्हणून काय मोजले? त्यात कोण नव्हते? आणि एवढ्यावर थांबू नये. केसपेपरवर नाव आणि वय यांच्याखाली 'व्यवसाय' असा रकाना असतो. त्यात गटारात उतरणाऱ्यासाठी, खडी फोडणाऱ्यासाठी, ऊस तोडणाऱ्या बाईसाठी बहुधा 'मजुरी' हा एकच शब्द लिहिलेला असतो. तो लिहिणारा कारकून किंवा शिकाऊ डॉक्टर आता पुष्कळदा आपल्याच घरातला आहे. त्याने विचारावे, कसली मजुरी, किती वर्षे. आणि तेवढे लिहावे.